डांबराच्या कडेपर्यंत

आमच्या गल्लीतल्या बायकांना वाटतं, मी मुंबई बघून आले. मी मुंबई बघितलीच नाही. मी वाशीला गेले होते. वाशी मुंबईच्या अलीकडं आहे, मधे खाडी आहे. समुद्र कसा असतो म्हणून विचारतात, तर तोही मी धड बघितला नाही. चिखल बघितला. आमच्या जतकडच्या माळासारखा लांबच लांब, फक्त ओला. बाकी बहुतेक वेळ माझी नजर खाली जमिनीवरच होती.

मी सातवीतून शाळा सोडलेली बाई. गावच्या बालवाडीत मदतनीस आहे, आणि ती नोकरीसुद्धा मेजर कदम साहेबांनी शब्द टाकला म्हणून मिळाली. आमचे मालक साहेबांच्या कंपनीत नाईक होते, सुरुंग काढायच्या कामावर. एकाहत्तरच्या लढाईत ते गेले. तेव्हा आमचा संभा पाळण्यात होता. साहेबांनी मालकांना सुरुंगांच्या शेतातून खांद्यावर बाहेर आणलं, एवढंच आम्हाला तेव्हा कळलं होतं. पुढं पेन्शन, शिलाईचं मशीन, संभाची पुस्तकं, सगळ्याला साहेब मागं उभे राहिले. पण इतक्या वर्षांत एकदाही गावाला आले नाहीत. मोठी माणसं, कामं असतील, असं मी समजून चालले होते. देवाच्या शेजारी त्यांचा वर्दीतला फोटो लावला होता. संभा त्या फोटोखाली अभ्यास करून मोठा झाला, आणि अठराचा झाल्याबरोबर म्हणाला, "आई, माघात भरती हाय. मी जाणार."

मी जेवण सोडलं. मामाला बोलावलं. गुरवाकडून अंगारा आणला. कशानं काही झालं नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला, "कदम साहेबांनी नको म्हणू दे, मग नाही जायचा. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

त्यानं ते मला गप्प करायला म्हटलं होतं. साहेब कशाला नको म्हणतील? पण मी ते वाक्य पदरात बांधलं आणि साहेबांकडून 'नको' आणायला निघाले.

पनवेलच्या पुढं

खंडाळ्याचा घाट मी डोळे मिटून उतरले. त्याचं वर्णन माझ्याकडं कुणी मागू नये.

पनवेलला गाडी बदलली तेव्हा डोळे उघडले आणि मग वाटलं, मिटलेलेच बरे होते. एका अंगाला डोंगर, अर्धा कापून नेलेला, आतला दगड उघडा पडलेला. दुसऱ्या अंगाला पाणी. आमच्याकडं पाणी म्हटलं की विहिरीत नाहीतर तळ्यात, म्हणजे कशात तरी धरून ठेवलेलं. हे मोकळंच होतं, रस्त्याच्या बरोबरीला आलेलं. मी पिशवी छातीशी धरून आतल्या बाजूला सरकले, तशी शेजारची बाई माझ्या अंगाखाली आली. तिच्या पायाशी मासळीची पाटी होती.

"घाबरलीस काय गो?" ती म्हणाली. "पानी हाय ते. खात नाय."

"रस्त्यावर येत न्हाई ना?"

"येतं की. उधानाला येतं, परत जातं. त्याचं घर हाय, येनार नाय तर काय?" मग तिनं खिडकीतून बोट केलं. लांब पांढऱ्या इमारती दिसत होत्या, सगळ्या एका उंचीच्या. "तय आमची शेती व्हती. आता बिल्डिंगी हायत. मी तयच मासली विकते. माज्याच शेतावर चार जिने चढते."

तिनं ते हसत सांगितलं, पण मला काही हसू आलं नाही. शेतावर घरं, पाण्यावर रस्ते, आणि त्यात मी एकटी, हातात बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि मनात एक मागणं. तिनंच मला वाशीला उतरवलं आणि इमारतीची दिशा दाखवली. तिचं नाव पार्वताबाय. त्या गावात मला भेटलेलं ते पहिलं माणूस, आणि मी तिचे आभार मानायचे विसरले.

सारखी दारं

आमच्याकडं घर ओळखायचं म्हणजे लिंब, कट्टा, गोठा. तिथं ओळखायला काही ठेवलेलंच नाही. एका साच्यातून काढल्यासारख्या इमारती. जिना तसाच, दाराचा रंग तोच. मी तिसऱ्या मजल्यावर चढून दार वाजवलं. एका उंच बाईनं दार उघडलं. मी, साहेबांच्या घरची असणार म्हणून, वाकून तिच्या पाया पडले.

ती दोन पावलं मागं सरकली आणि हिंदीत काहीतरी बोलली. आतून आणखी माणसं आली. मी "कदम साहेब, कदम साहेब" एवढंच म्हणत राहिले. खालचा वॉचमन वर आला आणि म्हणाला, "ओ बाई, ही तेरा नंबर बिल्डिंग. तुमचे मेजर बारा नंबरमदी. टेन्शन नको घेऊ, रोज एकतरी माणूस चुकतो. परवा एकजण पावणा म्हणून येऊन च्या पिऊन गेला, मग कळलं घर दुसऱ्याचं."

सगळे हसले. ती उंच बाईपण हसली आणि तिनं मला पाणी दिलं. ते पीत मी जिन्याच्या खिडकीशी टेकले, आणि तिथून मला साहेब दिसले.

फोटोतले साहेब नव्हते. केस पांढरे, अंगात पांढरा सदरा, पण चाल लष्करातली, दुसरं कुणी तसं चालत नव्हतं. इमारतींच्या मधे गवताचं मोठं मैदान होतं आणि त्यातून तिरकी पायवाट गेली होती. दूधवाला, शाळेची पोरं, पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे त्या पायवाटेनं बस स्टॉपकडं जात-येत होते. साहेब एकटे मैदानाला पुरा वळसा घालून डांबरी रस्त्यानं येत होते. रस्त्याच्याही बरोबर मधून.

मला वाटलं, ही शिस्त. लष्करातला माणूस रस्ता सोडत नाही. मी वॉचमनला तसं म्हटलंही.

"हां," तो म्हणाला, "मेजरचं लेफ्ट-राईट कधी चुकत नाय. पाऊस असो, काय असो, फुल राऊंड."

कदमांच्या घरी

साहेबांच्या बायकोला मी बाईसाहेब म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "वहिनी म्हणा हो, माझी कंबर दुखते, बाईसाहेब कसली." त्या चिपळूणकडच्या. त्यांनी मला आधी आंघोळीला पाणी दिलं, मग जेवायला बसवलं. ताटात जिताड्याचं कालवण. आमच्याकडं मासा म्हणजे ओढ्याला पाणी आलं तर, नाहीतर नाही. मी काटा गिळायच्या भीतीनं नुसता भात चिवडत बसले. साहेबांनी ते बघितलं. उठून माझ्या पिशवीतली चटणी आणली, माझ्या ताटात वाढली, आणि स्वतःच्याही.

पहिला घास खाऊन ते थांबले.

"हीच," ते म्हणाले. "ज्ञानूच्या गावाकडनं यायची. अख्ख्या सेक्शनला पुरवायचा. मला वेगळी पुडी."

ज्ञानू म्हणजे आमचे मालक. कितीतरी वर्षांत त्यांचं नाव कुणी इतक्या सहज घेतलं नव्हतं. मी मान खाली घातली.

साहेबांची हकिकत मला त्या संध्याकाळी वहिनींनी सांगितली, साहेब समोर पेपर धरून बसलेले असताना. साहेब शेतकऱ्याचं पोर, तेही शाळा अर्धी सोडून भरती झालेले. खडकीच्या छावणीत पूल बांधायला शिकले, सुरुंग पेरायला आणि काढायला शिकले. जवानाचे नाईक, हवालदार, सुभेदार झाले, रात्री अभ्यास करून परीक्षा दिल्या आणि शेवटी अधिकारी झाले. "आमच्या लग्नात हे साधे सॅपर होते, म्हणजे शिपाई," वहिनी म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी पोरगी मातीत घातली म्हणून सगळ्यांनी नावं ठेवली. मेजर झाले तेव्हा तीच माणसं फेटा घेऊन आली."

"फेटा लहान होता," पेपरामागून साहेब म्हणाले.

"डोकं मोठं झालं होतं."

असं त्यांचं चालायचं. मी हसत होते, पण मनात एकच. आता विचारू, मग विचारू. एवढ्यात खाडीकडून कोल्हे ओरडायला लागले, एकदम जवळ, इमारतींच्या मधूनच आल्यासारखे. तिथल्या माणसांना त्याचं काही नाही, शेजारी रेडिओ चालू होता. मला मात्र त्या आवाजानं उरलासुरला धीर सोडून गेला आणि मी न विचारताच झोपले.

सकाळी चहा घेताना विचारलं. कपबशी खाली ठेवली.

"साहेब, संभाला नको म्हणा. माघात भरतीला निघालाय. तुमच्या एका शब्दानं थांबतो म्हणतोय. मला दुसरं कुणी न्हाई."

साहेबांनी आपला कप बाजूला ठेवला.

"तो विचारेल, का. मग काय सांगू?"

"आई एकटी हाय म्हणून सांगा."

"ते त्याला माहीत आहे. तरी निघालाच आहे ना." ते उठले, बूट घातले, आणि बाजारात जातो म्हणून निघून गेले.

मला वाटलं, मी फार मोठी चूक केली. ज्या माणसानं सगळं आयुष्य वर्दीत काढलं, त्याला मी काय सांगायला आले? तुमची वर्दी वाईट, म्हणून? ज्यानं एवढं केलं त्याच्या तोंडावर? मी वहिनींना म्हटलं, "मी आजच परत जाते. साहेबांना राग आला."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. "राग नाही आला," त्या म्हणाल्या. "शांताबाई, एक विचारू? तुमच्या गावात एस.टी. स्टँडपासून तुमच्या घरापर्यंत डांबर आहे का?"

"न्हाई. पांदीनं जायला लागतं. मातीचाच रस्ता."

"मग," वहिनी म्हणाल्या. "म्हणून आले नाहीत कधी. बॅग दोनदा भरली होती."

मला काही कळेना. त्या म्हणाल्या, "त्यांचं त्यांना सांगू दे."

खाडीच्या काठी

दुसऱ्या दिवशी साहेब मला सकाळी फिरायला घेऊन गेले. रस्ता संपूर्ण रिकामा, दोन्ही बाजूला अर्धवट इमारती, बांबूची परांची, पुढं पुढं तर नुसतेच खांब. माणसाशिवाय उभं केलेलं गाव मी कधी बघितलं नव्हतं. आमच्याकडं ओसाड गाव म्हणजे माणसं गेलेलं गाव. इथं अजून यायचीच होती. मला दोन्ही सारखंच भीतीदायक वाटलं.

रस्ता जिथं संपत होता तिथं साहेब थांबले. पुढं मातीचा बांध, बांधापलीकडं खाडी. लोक बांधावर मजेत फिरत होते. एक म्हातारा गृहस्थ काठी आपटत गेला आणि म्हणाला, "या की मेजर, आज तरी या." साहेबांनी हात वर केला. डांबराच्या कडेपासून त्यांचा बूट वीतभर अलीकडं होता.

"आमच्यात एक रीत असते," ते म्हणाले. "सुरुंगातून वाट साफ केली की त्या वाटेवरून आधी साफ करणाऱ्यांचा अधिकारी चालतो. मग बाकीची पलटण. म्हणजे त्यांना खात्री. मी खूप वेळा चाललो. पाय कधी लटपटला नाही. वाट ज्ञानूनं काढलेली असायची."

मी पदर सावरून त्यांच्याजवळ सरकले.

"त्या दिवशी शेतात गहू होता, एवढासा. पाणी दिलेलं होतं, जमीन मऊ. ज्ञानू पुढं गेला होता. स्फोट झाला आणि तो पडलेला दिसला. हात हलत होता. वाट साफ व्हायला उशीर लागला असता." ते खाली डांबराकडं बघत बोलत होते. "त्याची पावलं उमटली होती. तो जिथं पाय ठेवून गेला तिथं सुरुंग नाही, एवढं नक्की. मी त्याच्या पावलांवर पाय ठेवत गेलो. त्याला घेऊन त्याच पावलांवर परत आलो. वाटेत एकदाच बोलला."

"काय बोलले?"

"साहेब, सावकाश."

इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. डोळ्यांपुढं फक्त ओल्या शेतातली मालकांची पावलं येत राहिली. उजवा पाय ते थोडा बाहेर टाकायचे.

"पुढची नोकरी मी ऑफिसात काढली," साहेब म्हणाले. "कुणाला कळलं नाही. रिटायर होऊन गावी गेलो, लावणीसाठी शेतात उतरायचं, तर पाय खाली जाईना. बांधावर उभा. भाऊ म्हणाला, साहेब झालास, चिखल नको वाटतो. मी म्हटलं, हो, तसंच समज."

मग ते इथं आले. दलदलीत भराव टाकायच्या कामावर त्यांना देखरेखीची नोकरी मिळाली. डोंगरातला दगड-मुरूम ट्रकनं यायचा, तो त्यांच्यासमोर पडायचा, त्यावर रोलर फिरायचा, मग डांबर. "ह्या रस्त्याखाली काय आहे ते थरागणिक मला माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणून हे गाव. दुसरं काही नाही. संभाला हे सांगू? फोटोतला माणूस गवतावर पाय ठेवत नाही, म्हणून?"

मला 'नको' हवं होतं, आणि ते 'नको' इतकं महाग असेल हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या साहेब. मी मागितलंच न्हाई असं समजा."

ते परत वळले. येताना त्यांच्या मागून चालताना लक्षात आलं, मीपण डांबराच्या मधूनच चालते आहे.

परतताना

निघायच्या आदल्या दिवशी पौर्णिमा होती, दत्तजयंती. सोसायटीत पाळणा हलवला, सुंठवडा वाटला. आणि पार्वताबाय म्हणाली होती तसं उधाण आलं. खाडीचं पाणी गटारातून उलटं चढून मैदानात शिरलं. सकाळपर्यंत ओसरलं, पण मैदानाचा चिखल झाला, पायवाट बुजून गेली.

साहेब माझी पिशवी घेऊन सोडायला निघाले. वळशाच्या रस्त्यानं कोपऱ्यापर्यंत गेलो, तर पुढं पाण्याच्या पाइपासाठी रस्ता आडवा खणलेला. खोल चर, त्यातही पाणी. मजूर म्हणाला, "इधरसे नहीं, मैदानसे जाओ." लांब स्टॉपवर पनवेलची गाडी उभी दिसत होती. लोक चपला हातात घेऊन चिखलातून निघाले होते.

साहेब डांबराच्या कडेला थांबले. पिशवी त्यांच्या हातात तशीच.

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले, आणि पिशवी माझ्याकडं केली. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि थंडीचे दिवस होते.

मागून वॉचमन आला. "काय मेजर, साप दिसला काय?"

"हो," साहेब म्हणाले. "मोठा."

वॉचमन हसत चिखलातून निघून गेला. मी पिशवी घेतली नाही. मला सांगता येत नाही, ते मला कसं सुचलं. घाटात डोळे मिटणारी, पाण्याला भिणारी बाई मी. पण चिखल मला नवा नव्हता. मी चपला काढल्या आणि आत उतरले. पाय घोट्यापर्यंत गेला. काढून पुढं टाकला. मागं वळून बघितलं, तर माझं पाऊल स्वच्छ उमटलेलं, त्यात पाणी झिरपत होतं.

"साहेब," मी म्हटलं, "माझ्या पावलांवर या. मी चाललेय तिथं काय न्हाई."

मी पुढं बघून चालू लागले. मुद्दाम पावलं जवळ जवळ टाकली, जोर देऊन. वळून बघायची हिंमत नव्हती. बघितलं आणि ते तिथंच उभे असले तर, त्यांची लाज मी बघितल्यासारखं झालं असतं. मग मागं चिखलातून बूट उपसल्याचा आवाज आला. थांबला. फार वेळ थांबला. मी मोठ्यानं म्हटलं, "साहेब, सावकाश."

आणि पुन्हा आवाज आला.

स्टॉपवर पोचलो तेव्हा त्यांच्या चकाकत्या बुटांचा लगदा झाला होता. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि मी गाडीत चढले. कंडक्टर घाई करत होता. साहेब खिडकीशी आले.

"पोराला पाठवा," ते म्हणाले. "त्याला मैदानाच्या काठाशी उभं करतो आणि सगळं सांगतो. ज्ञानूचं, माझं. नको म्हणणार नाही, जा म्हणणार नाही. मग त्याचं तो ठरवेल. चालेल?"

मी 'नको' न्यायला आले होते. पण आमच्या मालकांना असं काठाशी उभं करून कुणी काही सांगितलं नव्हतं. भरतीच्या दिवशी बँड वाजत होता आणि ते आत गेले. मी म्हटलं, "चालेल."

काल सकाळच्या गाडीनं संभा वाशीला गेला. साहेबांना भेटायचं म्हणून खुशीत होता, नवा शर्ट घालून. काय ठरवून येईल मला माहीत नाही. चटणीची पुडी वेगळी बांधून दिली. इमारत बारा नंबरची, तेराची नाही, हे तीनदा बजावलं. गाडी सुरू झाल्यावर मी खिडकीबरोबर चालत म्हटलं, "साहेबांच्या संगट मैदानातनं जायची वेळ आली, तर तू पुढं चाल. पावलं जवळ जवळ टाक."

"का गं?" पोरगं म्हणालं.

"ते सांगतील," मी म्हटलं.